पाठीवरची बटणं

आधीच सांगते. ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर उलट्या पायांच्या गोष्टी ढिगाने पडल्यात. तिकडे जा.

यात अमावस्या नाही. पडकी विहीर नाही. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, कपड्यांच्या एका संग्रहालयाच्या तळघरात. गुरुवार होता. वरच्या मजल्यावर उद्घाटनासाठी खुर्च्या मांडायचा खडखडाट चालला होता.

आणि घडलं ते माझ्या सख्ख्या मावशीसमोर.

मावशी त्या संग्रहालयात जुने कपडे सांभाळायची. माणसांशी तिचं कधी फारसं जमलं नाही. तिच्या मते माणूस म्हणजे कपड्याला डाग पाडणारी वस्तू. तिथले लोक तिला पाठीमागे टाचणीबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं.

"टाचणीला निदान टोक असतं," ती म्हणायची. "यांना काय आहे?"

बघायला येणाऱ्यांवर तर तिचा विशेष राग.

"काचेला नाक लावतात आणि म्हणतात, अय्या, पूर्वीच्या बायका कित्ती सुंदर दिसायच्या! अगं, दिसायच्या. बसायच्या कशा, ते विचार. जिना कशा चढायच्या, विचार. हात वर करून स्वतःचे केस तरी बांधता यायचे का, विचार. ते नाही. कित्ती सुंदर म्हणे!"

तिचे साहेब त्याहून वरचढ. त्यांना कपड्यातलं एवढंच कळायचं की उलटा घातला तर शिवण दिसते. पण नव्या दालनाच्या दारावर स्वतःचं नाव कोरलेलं बघायची हौस मोठी. त्यासाठी देणगी हवी. देणगीसाठी देणगीदार हवा.

तो मिळाला. म्हणजे ती मिळाली.

मावशीने तिचं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं... झुंबर. अंगावर इतकं काही लटकायचं की बाई येण्याआधी तिचा आवाज यायचा. बरोबर कॉलेजात शिकणारी मुलगी असायची, आईच्या पिशव्या सांभाळत, मान खाली घालून.

झुंबरने एक लांबट खोका आणला. आत तिच्या नवऱ्याच्या पणजीचा, विलायती धाटणीचा झगा.

मावशीने झाकण उघडलं. टिशू पेपर बाजूला केला.

आणि गप्प झाली.

मावशी गप्प होणं म्हणजे काय, ते आमच्या घरी विचारा.

रेशीम आडव्या धाग्यात काळं, उभ्या धाग्यात पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं. सरळ बघितलं तर काळोख, मान जरा कलती केली की आतून लाली पेटायची. गळ्याभोवती पानांची वेल, आणि एकेका पानाची शीर वेगळ्या छटेच्या दोऱ्यात भरलेली. मनगटाशी लेस... इतकी हलकी की मावशीने श्वास सोडला तेवढ्याने ती थरथरली. खालच्या घेराला आतून लोकरीची जाड पट्टी, कुंच्यासारखी. रस्त्याची घाण त्या पट्टीने खायची, रेशमाने नाही. घडीत लपवलेला एक खिसा, जेमतेम एक चावी मावेल एवढा.

वरचा भाग अंगाला चिकटून बसणारा. अस्तरात देवमाशाच्या जबड्यातल्या चिवट पट्ट्या. बाह्या खांद्याच्या इतक्या खाली जोडलेल्या की हात खांद्याच्या वर जाणारच नाहीत.

आणि पाठीवर, मानेपासून कमरेच्या खालपर्यंत, वाटाण्याएवढी रेशमी बटणं. प्रत्येकाला दोऱ्याचा एक नाजूक फास.

"बघा ना, किती नाजूक असायच्या या बायका!" झुंबर म्हणाली. "हिची कंबर बघा. आणि सासूचं प्रेम तरी केवढं! घरात इतक्या कामवाल्या, पण सुनेला रोज सकाळी झगा घालायला सासू स्वतः मागे उभी राहायची. दुसऱ्या कुणाला बटणांना हात लावू द्यायची नाही."

"आणि सून?" मावशीने विचारलं.

"ती लवकर गेली. नाजूकच होती ना."

मावशीने तिच्याकडे बघितलं. माझी मावशी ज्या नजरेने नकली लेस बघते, त्या नजरेने.

तळघरात झग्याचं काम सुरू झालं. मावशी एकटीच असायची. तिला तेच आवडायचं. पुतळ्यावर झगा चढवायचा, पुतळ्याला कापसाने आकार द्यायचा, निसटलेले टाके पक्के करायचे.

तिने अस्तर उलटून शिवणी बघितल्या.

शिवणीत शिंपी थोडं जादा कापड सोडतो. पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. शिवणीत माया सोडली, असं म्हणतात.

या झग्यात माया नव्हती.

कंबर पुन्हा पुन्हा आत घेतली होती. प्रत्येक वेळी वेगळ्या दोऱ्याने, पण हात एकच. बारीक, सरळ, करकरीत टाके. आणि दर वेळी उरलेलं कापड... कापून टाकलेलं.

पुन्हा कधी सैल करताच येऊ नये म्हणून.

"केवढं प्रेम," मावशी मोठ्याने म्हणाली. तिला एकटीने बोलायची सवय होती.

तेव्हा तिच्या मागे कुणीतरी जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

च्च...

एखाद्याचं काम बघून आपण करतो ना, तसा. तुच्छतेने.

मावशी वळली. मागे कपाटं. कपाटांना कुलपं.

नळ ठिबकत असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. तळघरात नळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने झगा पुतळ्यावर चढवला आणि पाठ उघडीच ठेवली. जुने फास ताणले तर तुटतात, म्हणून. वर जाऊन चहा घेतला. खाली आली.

सगळी बटणं लावलेली.

मावशी तरातरा वर गेली आणि दिसेल त्याला झोडपलं. पहारेकऱ्याला, सफाईवालीला, तिकीटवाल्याला. "माझ्या वस्तूला हात लावलात तर हाताचं संग्रहालय करीन!" सगळ्यांनी कानावर हात ठेवले. खोलीची किल्ली तर तिच्याच गळ्यात होती.

तिने बटणं सोडली. एकेक, जपून. कुलूप लावलं. दाराशीच स्टूल घेऊन बसली, तिथेच डबा खाल्ला.

आतून आवाज आला.

सळ्ळ... सळ्ळ...

रेशीम रेशमावर घासतं तेव्हा येतो तो.

मग थांबला.

मावशीने दार उघडलं. बटणं लावलेली होती. पण ती उंबऱ्यातच थबकली ते त्यामुळे नाही.

पुतळ्याच्या कमरेला तिने बांधलेला कापूस टेबलावर होता. नीट, एकावर एक रचून ठेवलेला. झगा पुतळ्यावर तसाच होता, आणि त्याची कंबर सकाळच्यापेक्षा बारीक दिसत होती.

बटणं सोडताना या वेळी तिची नजर बटणांच्या शेजारी गेली. पाठीच्या दोन्ही कडांना, वरपासून खालपर्यंत, सुईची बारीक भोकं. जोडीजोडीने. ही सजावट नव्हती. बटणं लावून झाल्यावर कुणीतरी त्यावरून जाड दोऱ्याने झगा शिवून बंद केला होता.

बाई आत असताना.

आणि अस्तरावर, मणक्याच्या रेषेत, सुरीचे ओरखडे. शिवलेला झगा नंतर कुणीतरी घाईने उघडला होता. अंगावरून काढायला. चढवायला नव्हे.

मावशी तडक साहेबांकडे गेली. साहेब झुंबरबरोबर बसले होते. उद्घाटनाचं ठरत होतं.

"बरं झालं आलात," साहेब म्हणाले. "गुरुवारी हा झगा बाईसाहेब स्वतः घालणार आहेत. फोटो येतील. काय कल्पना आहे, अं?"

"कुणाची कल्पना?" मावशीने विचारलं.

"माझीच."

"वाटलंच."

मावशीने समजावलं. एवढं जुनं रेशीम अंगावर घालायचं नसतं, घामाने जळतं, घडीवर चिरतं. जगातलं कुठलंही बरं संग्रहालय असं करू देत नाही. मग भोकांचं सांगितलं. सुरीचं सांगितलं.

झुंबर हसली. "अहो, तेव्हा फॅशनच असेल तशी. मी तीन महिने उपाशी राहून कंबर कमी केलीय. आणि झगा माझा आहे."

"कापडच आहे ते शेवटी," साहेब म्हणाले.

"हो ना. आणि तुम्ही नुसतं हाड-मांस," मावशी म्हणाली. "कुणाला काय किंमत द्यायची, ते कळतं मला."

पण नोकरी होती. आणि तिने नाही म्हटलं असतं तर साहेबांनी दुसऱ्या कुणाकडून तरी बाईंच्या अंगावर झगा चढवून घेतला असता, कुणीतरी बटणं ओढली असती, फास तुटले असते. मावशी म्हणाली, चढवीन मीच.

गुरुवारची दुपार. तळघर. मोठा आरसा. झुंबर पहिल्यांदाच काही न लटकवता उभी होती. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हातात मोबाइल. आईने हुकूम सोडला होता, सगळं शूट कर.

झगा अंगावर चढला. पाठीवर वीतभर फट राहिली.

मावशीला बरंच वाटलं. "नाही बसत. तुम्ही आणखी तीन महिने उपाशी राहा, मग बघू."

"ओढा ना जरा! श्वास धरते मी."

"ओढायची वस्तू नाही ही. थांबा, आधी मनगटाची लेस सरळ करू द्या, चुरगळलीय."

मावशी समोर आली. झुंबरचा उजवा हात तिने स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. खाली वाकून लेस उलगडू लागली.

"हं. आता कशा ओढताय!" झुंबर म्हणाली. "आई गं... जरा हळू!"

मावशीने मान वर केली.

तिचे दोन्ही हात झुंबरच्या मनगटावर होते.

"मी नाही ओढत," ती म्हणाली.

सळ्ळ...

"अहो, थंड आहेत हात तुमचे," झुंबर म्हणाली, आणि मग तिला समोरची मावशी दिसली. दोन्ही हातांसकट.

कोपऱ्यातून मुलीचा बारीक आवाज आला. "आई... बटणं लागतायत."

"कोण लावतंय?"

"कुणीच नाही."

खालून वर. एकामागून एक. टप्... टप्... टप्...

झुंबरची पाठ ताठ झाली. खांदे मागे गेले. हनुवटी आपोआप वर उचलली गेली, जशी कुणीतरी खालून बोट लावून उचलावी. आरशात ती खरोखरच सुंदर दिसत होती. मावशीने हे आम्हाला सांगितलंय. काळोखातून लाली पेटली होती, पानं गळ्याशी हलत होती, कंबर मुठीत मावेल इतकी. शंभर वर्षांत त्या झग्यावर कुणी असं शोभलं नसेल.

आणि तिला श्वास घेता येत नव्हता.

ओठ हलत होते. आवाज नाही. मावशीने तिला खांद्याला धरून वळवलं. पाठीवर फट उरली नव्हती. आणि कडेच्या त्या भोकांतून दोरा जात होता. सुई दिसत नव्हती. नुसता दोरा, एका भोकातून आत, समोरच्या भोकातून बाहेर. बारीक, सरळ, करकरीत टाके.

दाराबाहेरून साहेब. "झालं का? पाहुणे आलेत! मस्त दिसताय ना बाईसाहेब?"

आणि आत, झुंबरच्या मानेमागून, एका म्हाताऱ्या बाईचा शांत आवाज...

"अजून सैल आहे."

मुलगी किंचाळली.

मावशीने कात्री उचलली. पाठीशी नेली. कात्री तिच्या हातावर कुणीतरी चापट मारावी तशी उडून पडली, ठण्णकन. त्याबरोबर ती जीभ वाजली. च्च...

माझ्या मावशीला आयुष्यात खूप लोकांनी तुच्छ लेखलंय. साहेबांनी, पाहुण्यांनी, आमच्या बाबांनीही. तिने कधी मनावर घेतलं नाही. पण ती च्च ऐकून तिचं डोकं फिरलं.

"माझ्या हाताला नावं ठेवतेस?" ती ओरडली. "माया कापणारी तू! सुनेला खोळीत घातल्यासारखं शिवलंस आणि कारागिरी दाखवतेस मला?"

तिने कात्री उचलली. पाठ सोडली आणि समोरून घातली. गळ्याच्या त्या वेलीतूनच. शिरांच्या वेगवेगळ्या छटा, शंभर वर्षांचं रेशीम, सगळं उभं कापत खाली. देवमाशाच्या त्या पट्ट्या कडाकड मोडल्या. जी बाई दुसऱ्यांना झग्याला हातमोज्याशिवाय बोट लावू द्यायची नाही, ती दात-ओठ खाऊन तो फाडत होती. आणि ज्या बाईसाठी फाडत होती, तिच्याबद्दल तिला काडीची आपुलकी नव्हती.

झगा उकलला. झुंबर जमिनीवर कोसळली, आणि तिने श्वास घेतला. तो आवाज मावशी अजून विसरलेली नाही.

साहेब आत आले. त्यांनी आधी झग्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या बाईकडे. यावरून काय ते समजा.

डॉक्टर म्हणाले, उपासाने चक्कर आली, कपडा घट्ट होता. पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी लाल ठिपके होते, जोडीजोडीने. डॉक्टर म्हणाले, बटणं रुतली असतील. मुलीने मोबाइलवरचं शूटिंग मावशीला एकदा दाखवलं आणि तिथल्या तिथे पुसून टाकलं. म्हणून पुरावा मागू नका. मागणाऱ्यांना पुरावा दिला तरी ते एडिटिंग म्हणतात.

मावशीची नोकरी गेली. ऐतिहासिक वस्तूची नासधूस. झग्याचे तुकडे खोक्यात भरून झुंबरच्या घरी परत गेले. नवं दालन झालं नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

काही महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. "बाई, एकदा घरी याल? आई तुमच्याबद्दल विचारते."

मावशी गेली. दुपारची वेळ. मोठं घर, पडदे उघडे, सगळीकडे ऊन.

झुंबर खुर्चीत बसली होती. पाठ टेकलेली नव्हती. अंगावर एकही दागिना नाही. अर्धी झाली होती. साधा, आजकालचाच कपडा, पाठीवर चेन असलेला. चेन अर्धी उघडी होती.

"या," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. सावकाश, मोजून मापून.

"बऱ्या आहात ना?" मावशीने विचारलं. "थांबा, तुमची चेन उघडीय. लावते."

"तुम्ही?" झुंबर हसली. मावशीला तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमच्या हाताला वळण नाही. राहू द्या."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

चेन वर सरकली. हळूच. शेवटपर्यंत.

झुंबरने समाधानाने डोळे मिटले.

मावशी उठली. तिने चहाही घेतला नाही. मुलगी तिला फाटकापर्यंत सोडायला आली.

"खोका कुठाय?" मावशीने विचारलं.

"आईने झगा जोडलाय. पूर्ण. तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही, बाई. आता जोड कुठे आहे ते सापडत नाही." मुलीने मागे घराकडे बघितलं. "पण तो आता आईच्या मापाचा नाही. लहान केलाय. काल मला म्हणाली, उभी राहा, माप घेऊ दे."

"आई म्हणाली?"

मुलीने मान हलवली. नाही.

माझी मावशी माणूसघाणी आहे, हे मी सांगितलंच. ती त्या क्षणी म्हणाली, "चप्पल घातलीयस ना? मग चल."

मुलीने पिशवीसुद्धा घेतली नाही. मावशी राहते आमच्याच घरी, म्हणून तेव्हापासून ती मुलगीही आमच्याकडेच आहे. आईचे फोन येत नाहीत. पोरीने परत यावं असंही ती कधी म्हणाली नाही, जणू तिला खात्रीच आहे. मावशी पोरीवर दिवसभर खेकसते, भांड्यांची मांडणी चुकली म्हणून, दूध उतू गेलं म्हणून, आणि ताटात पहिली पोळी तिलाच वाढते. पोरगी माझ्या खोलीत राहते. माझेच जुने, ढगळ टी-शर्ट घालते. पाठीवर बटण नाही, चेन नाही, काही नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी आम्ही दोघी सोफ्यावर बसून टीव्ही बघत होतो. मी लोळत होते. ती मात्र ताठ. कण्यात काठी घातल्यासारखी. खांदे मागे, हनुवटी वर.

"अगं, टेकून बस की," मी म्हटलं. "पाठ दुखेल."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मान वळवलीच नाही.

"टेकू देत नाही," ती म्हणाली.

कोण, ते मी विचारलं नाही.